डॉ. टॉमस चामर्स आणि मंडळीची संमती

वडवणीच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात मंडळीचा पाळक बदलून गेला किंवा वार्धक्यामुळे सेवेतून मोकळा झाला, म्हणजे आता कोण येणार हा प्रश्न घरोघर निघतो. येणाऱ्यास निवडावयाचे कोणी, हा त्याच्या पोटातील प्रश्न मात्र क्वचितच कोणी मोठ्याने विचारतो. मिशनच्या काळी तो विचारण्याचे कारणच पडत नसे. पाळक किंवा उपदेशक कोठे जाणार हे मिशनच्या बंगल्यावर ठरे, बदलीचा कागद येई, आणि बैलगाडीतून नव्या पाळकाचे सामान उतरले म्हणजे मंडळीस त्याचे नाव कळे. आजही ज्या मंडळ्या बिशपांच्या देखरेखीखाली आहेत, त्यांत अखेरचा शब्द वरून येतो; ज्या स्वतंत्र आहेत त्या आपली कमिटी नेमून पाळक शोधतात. या एका प्रश्नापायी ज्यांनी उतारवयात आपला पगार व मान सोडून दिला, त्या स्कॉटलंडातील डॉ. टॉमस चामर्स यांचे चरित्र येथे देत आहे. आपल्या मराठवाड्याशीही त्यांचा दुरून संबंध पोहोचतो.

चामर्स यांचा जन्म १७ मार्च १७८० रोजी फाइफ परगण्यात, समुद्रकाठच्या अँस्ट्रदर या गावी झाला. वडील जॉन चामर्स व्यापारी व जहाजमालक होते. घरात १४ मुले, त्यांत टॉमस सहावे. अकराव्या वर्षी ते सेंट अँड्रूज विद्यापीठात गेले व तेथे त्यांस गणिताचे जे वेड लागले, ते पुढे कित्येक वर्षे सुटले नाही. सन १७९९ त, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, त्यांस उपदेश करण्याचा परवाना मिळाला. इतक्या लहान वयात तो सहसा देत नसत. परंतु मुलगा असामान्य आहे असे सांगून कोणी रदबदली केली.

त्या देशात पाळक कसा नेमला जाई हे समजल्याशिवाय पुढील हकीकत कळावयाची नाही. आपल्याकडे पाटीलकी, देशमुखी ही वतने होती. ती बापाकडून मुलाकडे जात, त्यांच्या वाटण्या होत, प्रसंगी ती विकलीही जात. स्कॉटलंडात गावच्या मंदिरात पाळक नेमण्याचा हक्क हा असाच वतनासारखा होता. कोठे तो सरकारचा, कोठे नगरपालिकेचा, पण बहुधा मोठ्या जमीनदाराचा. सन १७१२ च्या कायद्याने हा हक्क पक्का केला होता. मंडळीने पाचारणाच्या कागदावर सह्या कराव्या असा जुना रिवाज होता खरा, परंतु कालांतराने तो नावालाच उरला. धन्याने ज्याचे नाव दिले तो आला, मग सह्या दोन असोत की दोनशे.

चामर्सही असेच आले. किल्मनी या लहान खेड्याचे वतन सेंट अँड्रूज विद्यापीठाकडे होते. विद्यापीठाने आपल्या हुशार विद्यार्थ्याचे नाव दिले आणि मे १८०३ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी त्यांस तेथे पाळकपणाची दीक्षा मिळाली. शेतकऱ्यांस कोणी काही विचारले नाही. आणि त्यांस मिळाले काय? असा पाळक, जो आठवडाभर सुमारे नऊ मैलांवरच्या सेंट अँड्रूज येथे गणिताचे व रसायनशास्त्राचे वर्ग घेई, आणि शनिवारी संध्याकाळी गावी परते. सन १८०५ त तर त्यांनी एक निनावी चोपडे छापून असे प्रतिपादन केले की, पाळकाने आपले नेमलेले काम उरकल्यावर आठवड्यातील पाच दिवस त्यास शास्त्राभ्यासास मोकळे राहतात. व्याख्यान देण्यात ते पटाईत होते. पण आजाऱ्याच्या खाटेजवळ त्यांचे पाऊल फारसे लागत नसे.

पुढे त्यांच्या घरात क्षयाने भाऊ गेला, बहीण गेली, आणि १८०९ त ते स्वतः अंथरुणास खिळले. कित्येक महिने ते घराबाहेर पडू शकले नाहीत. मरण इतके जवळून पाहिल्यावर गणिताने मांडलेले जग त्यांस अपुरे वाटू लागले. सन १८१० च्या अखेरीस विल्बरफोर्स यांचे ख्रिस्ती धर्मावरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले व त्यांचे अंतःकरण पालटले. मंदिर तेच, पाळक तोच, पण किल्मनीच्या लोकांस नवा मनुष्य भेटला. ते घरोघर जाऊ लागले, मुलांस शिकवू लागले, आजाऱ्यांजवळ बसू लागले. वीस वर्षांनंतर, १८२५ त, महासभेत वाद चालू असता कोणी विरोधकाने ते जुने निनावी चोपडे वर काढले. चामर्स उठले आणि भरसभेत म्हणाले की, ते माझेच. काळ किती थोडा व अनंतकाळ किती मोठा हे दोन हिशेब मी त्या वेळी विसरलो होतो. गणित्याने केलेला हा कबुलीजबाब ऐकून सभा स्तब्ध झाली असे लिहून ठेवलेले आहे.

सन १८१५ त त्यांस ग्लासगो शहरातील ट्रॉन मंदिरात नेण्यात आले, आणि १८१९ त त्याच शहरातील सेंट जॉन या नव्या विभागात. या विभागात दहा हजारांवर गोरगरीब गिरणीकामगार राहत. चामर्स यांनी त्याचे २५ भाग पाडले, प्रत्येक भागात साठ ते शंभर कुटुंबे ठेवली व प्रत्येक भागावर एक वडील व एक डीकन नेमून दिला. गरिबांची मदत सरकारी करातून न घेता मंडळीच्या दानातून द्यावयाची असे ठरविले. वार्षिक खर्च १४०० पौंडांवरून २८० पौंडांवर आला. ही मदत फार आखडती होती असा आक्षेप तेव्हाही आला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. तरी शेजारी शेजाऱ्यास ओळखतो तेव्हाच दान योग्य हाती पडते, हे त्यांनी दाखवून दिले. लहान माणसाच्या लहान दानावर त्यांची श्रद्धा येथेच बसली; ती पुढे कामास आली.

सन १८२३ त ते सेंट अँड्रूज येथे प्राध्यापक झाले. तेथे त्यांच्या भोवती जे विद्यार्थी जमले, त्यांत अलेक्झांडर डफ व रॉबर्ट नेस्बिट हे दोघे होते. डफ कलकत्त्यास गेले. नेस्बिट १८२७ त मुंबई इलाख्यात आले व मराठी इतके शुद्ध बोलू लागले की ऐकणारास नवल वाटे. सन १८२८ त चामर्स एडिंबरो येथे धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले व १८३२ त महासभेचे अध्यक्ष.

आता मूळ वादाकडे येऊ. सन १८३३ त चामर्स यांनी महासभेत सूचना आणली की, मंडळीतील कुटुंबप्रमुखांपैकी बहुतेकांस धन्याने दिलेला पाळक नको असेल, तर त्यांचा नकार मानावा. ती सूचना पडली. पण पुढील वर्षी, १८३४ त, तसाच ठराव मंजूर झाला. लक्षात घ्यावे की, वतन मोडून टाका असे चामर्स म्हणत नव्हते. स्वभावाने ते जुन्या रीतीचे होते, आणि मते मोजून पाळक निवडण्याची त्यांस धास्तीच वाटे. मात्र मंडळीच्या इच्छेविरुद्ध पाळक तिच्या गळ्यात बांधू नये, यावर ते ठाम होते. खुद्द त्यांसच किल्मनीच्या गळ्यात कसे बांधले होते, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?

त्याच वर्षी ऑक्टरार्डर गावी कसोटी आली. लॉर्ड किनूल यांनी रॉबर्ट यंग नावाच्या तरुणाचे नाव दिले. गाव सुमारे तीन हजार वस्तीचा. पाचारणाच्या कागदावर गावकऱ्यांच्या सह्या पडल्या दोन. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नकार नोंदविला. लॉर्डसाहेब व यंग न्यायालयात गेले. १८३८ त निकाल मंडळीविरुद्ध लागला आणि १८३९ त लंडनच्या वरिष्ठ सभेने तो कायम केला. लोकांच्या नकारास कायद्यात किंमत नाही, असा त्याचा अर्थ.

याहून हृदयद्रावक प्रसंग मारनॉक येथे घडला. तेथे पाचारणावर एकाच गावकऱ्याची सही होती, आणि तो होता खाणावळवाला! तरीही २१ जानेवारी १८४१ रोजी, गुडघाभर बर्फ पडले असता, दीक्षाविधीसाठी मंदिर उघडण्यात आले. मंडळीच्या वतीने हरकत वाचण्यात आली. नंतर सर्व लोक उठले, वर्षानुवर्षे बाकांवर ठेवलेली आपापली बायबले त्यांनी उचलली आणि एक शब्दही न बोलता ते बाहेर बर्फात गेले. म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले होते. आत उरले ते बाहेरगावचे बघे व नवा पाळक.

अखेर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या सेंट अँड्रू मंदिरात महासभा भरली असता मावळते अध्यक्ष डॉ. वेल्श यांनी निषेधपत्र वाचले, मेजावर ठेवले व ते दाराकडे चालू लागले. त्यांच्या मागोमाग चामर्स निघाले, आणि मग रांगच लागली. टॅनफील्ड येथील मोठ्या दिवाणखान्यात जमून त्यांनी स्वतंत्र मंडळी, म्हणजे फ्री चर्च, स्थापिली व चामर्स यांस पहिले अध्यक्ष निवडले. सुमारे १२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी पगार व राहते घर सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. त्यांच्या बायकांनी त्याच आठवड्यात भांडीकुंडी बांधावयास घेतली. चरित्रकार सभेतील भाषणे फार वर्णितात. मला या बायकांची आठवण अधिक होते.

कित्येक जमीनदारांनी मंदिरास जागा नाकारली. स्ट्रॉन्शियन येथील लोकांनी लोखंडी तरते मंदिर बांधवून समुद्राच्या खाडीत नांगरले. शंभर माणसे चढली की ते एक इंच खाली जाते असे लोक सांगत. पाळकांच्या पोटाचे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र चामर्स यांनी आधीच तयार ठेवले होते. प्रत्येक कुटुंबाने आठवड्यास निदान एक पेनी द्यावी, सर्व मंडळ्यांचा पैसा एका मध्यवर्ती निधीत यावा व तेथून प्रत्येक पाळकास सारखा वाटा जावा. म्हणजे श्रीमंत शहराच्या दानातून डोंगरातील खेड्याचा पाळक जगे. निवडण्याचा हक्क आणि पोसण्याची जबाबदारी त्यांनी एकाच दोरीने बांधली. आपल्याकडील पुष्कळ मंडळ्यांस पहिली गोष्ट हवी असते!

हिंदुस्थानातील स्कॉटिश मिशनरी झाडून सारे या नव्या मंडळीस मिळाले. मुंबईत डॉ. विल्सन त्या वेळी प्रवासात होते. नेस्बिट तेथे होते. इमारती जुन्या मंडळीकडे राहिल्या आणि यांस शाळा दुसरीकडे मांडावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात नेस्बिट यांच्या हातून नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. हेच रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्यास आले व त्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसविली. गोदावरीपलीकडे जालन्याच्या बाजूस ज्यांचे सोयरे आहेत त्यांस हे नाव नवे नाही.

आता फ्री चर्चमध्ये पाळक निवडण्याची रीत कशी होती ते सांगतो, कारण कमिटी नेमताना ती उपयोगी पडेल. पाळकाची जागा रिकामी झाली म्हणजे प्रेसबिटरी, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांचे पाळक व वडील यांची सभा, शेजारच्या एका पाळकास तात्पुरता अध्यक्ष नेमी. म्हणजे मंडळीतील एकाच घराण्याच्या हाती सूत्रे जात नसत. प्रथम प्रभुभोजनाच्या सभासदांची यादी शुद्ध करीत. मग सभा भरून कमिटी निवडीत. कमिटी पाळकांची चौकशी करी, त्यांचे उपदेश ऐके व नाव मंडळीपुढे ठेवी. निवड मंडळीची; पाचारणावर सह्या सभासदांच्या; आणि मंजुरी प्रेसबिटरीची.

यांत यादीची पायरी लोकांस क्षुल्लक वाटते, पण सारे मर्म तेथेच आहे. आपल्या भागात दिवाळीच्या सुमारास अर्धी मंडळी ऊसतोडीस जाते ती उन्हाळा लागल्यावर परतते. अशा दिवसांत सभा बोलावून कमिटी नेमली, तर घरी राहिलेल्या चार कुटुंबांनी निवडलेला पाळक कोयता घेऊन गेलेल्या चाळीस कुटुंबांच्या गळ्यात पडतो. मग लॉर्डसाहेब नसले म्हणून काय झाले? दुसरी गोष्ट चौकशीची. एका रविवारचा उपदेश ऐकून निवड करावयाची असती, तर १८०३ तील चामर्स यांस कोणतीही कमिटी आनंदाने घेऊन गेली असती. किल्मनीच्या आजाऱ्यांकडे जाऊन विचारले असते, तरच खरे कळले असते.

चामर्स या स्वतंत्र मंडळीच्या कॉलेजचे प्रमुख झाले व शेवटपर्यंत शिकवीत राहिले. मे १८४७ अखेर महासभा चालू होती आणि सोमवार, ३१ तारखेस ते कॉलेजचा अहवाल मांडणार होते. रविवारी रात्री ते नेहमीप्रमाणे निजावयास गेले. सकाळी हाक मारावयास गेले तेव्हा ते उशांस टेकून बसल्यासारखे शांत पडलेले आढळले. प्राण केव्हाच गेला होता. वय ६७ होते. ज्या जुन्या मंडळीतून ते बाहेर पडले, तिच्यातील नेमणुकीचे वतन पार्लमेंटने १८७४ त रद्द केले, आणि ऑक्टरार्डरच्या त्याच जुन्या मंदिरातही पाळक निवडण्याचा हक्क गावच्या मंडळीकडे आला.