हजरत बाबा बुदन (रह.) : सात बियांतून हिंदुस्तानात कॉफी रुजवणारे बुजुर्ग

सोलापूर : आपल्या सोलापुरात पाहुणा आला की आधी चहाचं विचारतात, कॉफी मागणारा एखादाच. पण ही कॉफी हिंदुस्तानच्या मातीत कुणी रुजवली, असं मुलांना विचारलं तर बहुतेक जण इंग्रजांचं नाव घेतील. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मोठे मळे उभे केले, हे खरं. पण पहिलं बी त्यांनी आणलेलं नाही. ते आणलं एका सुफी फकिराने. आज आम्ही त्यांचीच ओळख करून देत आहोत.

हजरत बाबा बुदन (रह.) कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात राहायचे. त्या काळी येमेनचं मोखा बंदर ही कॉफीची सर्वांत मोठी बाजारपेठ होती. येमेनचे सुफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून कहवा पीत. १५११ मध्ये मक्का शरीफमध्ये कहव्यावर बंदीही आली होती, पण ती टिकली नाही. पुढे कॉफी जगभर जाऊ लागली, मात्र व्यापारी बी भाजून किंवा उकडूनच बाहेर पाठवत. कारण एकच, दुसरीकडे झाड उगवू नये.

साधारण १६७० च्या सुमारास बाबा हजला गेले आणि परतताना मोख्याहून सात कच्च्या बिया घेऊन आले, असं सांगितलं जातं. कुणी म्हणतं त्या कमरेला बांधल्या होत्या, कुणी म्हणतं दाढीत लपवल्या होत्या. हकीकत तोंडी चालत आली, म्हणून तपशिलात फरक पडतो. त्या बिया त्यांनी चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या. आज त्या रांगेला बाबा बुदनगिरी म्हणतात.

बुजुर्गांनी असं लपवून आणणं बरोबर होतं का, असा प्रश्न काही वाचक विचारतील. व्यापाऱ्यांचा नियम मोडला, हे आम्ही नाकारत नाही. पण सात बियांत कुणाचा धंदा होत नाही. बाबांनी त्या विकल्या नाहीत, मातीत लावल्या. झाड लावणं हा सदका-ए-जारिया आहे, आणि या सदक्यावर आजही हजारो घरांची चूल पेटते. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच व्यापाऱ्यांनी मलबार किनाऱ्यावरून रोपं जावा बेटावर नेली, तिथून ती युरोप आणि पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचली.

बाबांना झाडाची जाण होती, हेही लक्षात घ्या. कॉफीचं बी फार दिवस जिवंत राहत नाही, काही महिन्यांतच त्याची उगवण कमी होते. ते वेळेत लावावं लागतं, आणि तेही थंड हवा, भरपूर पाऊस आणि मोठ्या झाडांची सावली असेल तिथे. अरेबिका जातीला साधारण १००० ते १५०० मीटर उंची मानवते. महाराष्ट्रात म्हणूनच ती चिखलदऱ्याला दिसते. सोलापूरच्या उन्हात तिचं पीक निघणार नाही. पण हौस म्हणून कुंडीत एक रोप जगवता येतं.

त्यासाठी झाडावर पिकलेली ताजी लाल फळं मिळवा. दुकानातलं भाजलेलं बी उगवत नाही. गर काढून बी धुवा, चाळलेली राख चोळा आणि सावलीत सुकवा. बी सपाट बाजू खाली ठेवून पेरा, वर मातीचा पातळ थर आणि पेंढा घाला, रोज थोडं पाणी द्या. साधारण दीड महिन्यात अंकुर येतो. दोन गोल पानं उघडली की रोप पिशवीत हलवा. सहा भाग भुसभुशीत माती, दोन भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू असं मिश्रण करा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, नुसती ती वापरू नका. उन्हाळ्यात शेडनेटखाली ठेवा आणि पानांवर पाणी शिंपडा. जमलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोगऱ्यासारखी पांढरी, सुगंधी फुलं येतील. फुलानंतर फळ लाल व्हायला आठ-नऊ महिने लागतात.

बाबांच्या डोंगरावरच्या दर्ग्यात मुस्लिम जातात, तसे हिंदूही जातात. ते त्या जागेला दत्तपीठ मानतात. तिथल्या व्यवस्थेवरून गेली अनेक वर्षं वाद आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत. त्यामुळे बाबांचं नाव आता बातमीत येतं ते भांडणापुरतंच, आणि आम्हाला त्याचंच वाईट वाटतं. त्यांच्या झाडाने फळ देताना कुणाची जात-जमात पाहिली नाही. पुढच्या वेळी घरात कॉफी झाली, तर मुलांना या सात बियांची गोष्ट जरूर सांगा. अल्लाह बाबांचे दर्जे बुलंद करो. आमीन.