डेव्हिड मार्शल : सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री

सिंगापूरच्या पश्चिमेला चोआ चू कांग येथे यहुदी कबरस्तान आहे. शहरातील जुनी कबरस्ताने १९८० च्या दशकात हलविली गेली, तेव्हा तेथील अस्थी इकडेच आणल्या. सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल यांची कबरही येथेच आहे. आमच्या तरुण वाचकांपैकी अनेकांना हे नाव ठाऊक नसेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

बगदाद, मुंबई, कलकत्ता, सिंगापूर, शांघाय अशी बगदादी यहुद्यांची व्यापारी साखळी इंग्रजी राज्याच्या आश्रयाने वाढली. ससून डॉक पाहिलेल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. त्या व्यापारात अफूही होती, हे लपविण्यात अर्थ नाही. अशाच बगदादी कुटुंबात १२ मार्च १९०८ रोजी सिंगापूरला डेव्हिड यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव मशाल. मराठी कानाला ते किती घरचे वाटते!

लंडनला कायदा शिकून ते बॅरिस्टर झाले. १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि स्वयंसेवक सैनिक असलेले मार्शल जपान्यांच्या कैदेत सापडले. होक्काइडोच्या थंडीत त्यांना मजुरी करावी लागली. युद्धानंतर फौजदारी वकील म्हणून त्यांचा मोठा दबदबा झाला.

एप्रिल १९५५ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. मूठभर यहुद्यांपैकी एक माणूस चिनी बहुसंख्येच्या शहराचा पुढारी झाला, ही लहान गोष्ट नव्हे. इंग्रजांनी मात्र त्यांना कार्यालय म्हणून जिन्याखालची खोली देऊ केली! पुढच्या वर्षी स्वराज्य मागण्यासाठी ते सर्वपक्षीय शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. ब्रिटनला आपला आरमारी तळ सोडायचा नव्हता, आणि कम्युनिस्टांची धास्तीही होती. म्हणून अंतर्गत सुरक्षेचा अंतिम शब्द त्यांना स्वतःकडेच हवा होता. मार्शल यांना ते मान्य झाले नाही. बोलणी फिसकटली. स्वराज्य न मिळाल्यास खुर्ची सोडीन, असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. जून १९५६ मध्ये त्यांनी ती खरोखर सोडली. घाई झाली, असे त्यांचे टीकाकार म्हणत. आम्हाला तसे वाटत नाही. पुढे खर्च परवडेना, तेव्हा १९६८ मध्ये ब्रिटननेच सैन्य काढून घेण्याचे जाहीर केले.

राजीनाम्यानंतर थोड्याच महिन्यांत मार्शल चीनला गेले. बांडुंग परिषदेनंतरचा तो काळ. चीनला आग्नेय आशियाची मैत्री आणि बाजारपेठ दोन्ही हवी होती. शांघायमध्ये त्यांना कळले की, तेथील रशियन यहुद्यांना देश सोडण्याची परवानगी मिळत नाही. पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी भेट झाली तेव्हा मार्शल यांनी हा प्रश्न काढला, आणि त्या लोकांचा मार्ग मोकळा झाला. हाती ना पद, ना सैन्य! समोरच्याला काय हवे आहे, हे ओळखून त्यांनी आपल्या माणसांसाठी शब्द टाकला. लंडनच्या अपयशापेक्षा आम्हाला ही भेट मोठी वाटते.

१९५७ मध्ये त्यांनी वर्कर्स पार्टी स्थापन केली. ली क्वान यू यांच्याशी त्यांचे वारंवार खटके उडाले, तरी त्याच ली सरकारने १९७८ मध्ये त्यांना फ्रान्समध्ये राजदूत नेमले. पंधरा वर्षे त्यांनी ते काम केले. १२ डिसेंबर १९९५ रोजी, ८७ व्या वर्षी, सिंगापुरातच त्यांचे निधन झाले.