जात न लपविता संवाद साधणारे इरट्टैमलै श्रीनिवासन

चेन्नईच्या गिंडी भागातील गांधी मंडपाच्या आवारात महात्मा गांधी, राजगोपालाचारी आणि कामराज यांच्या स्मारकांसोबतच दलित नेते इरट्टैमलै श्रीनिवासन यांचेही स्मारक आहे. महाराष्ट्रात त्यांचा उल्लेख बहुधा गोलमेज परिषदेतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे सहकारी एवढ्यापुरताच होतो.

श्रीनिवासन यांचा जन्म चेंगलपट्टू परिसरातील कोळियालम या गावी परैयर समाजात झाला. कोइमतूर येथे शिकत असताना त्यांच्या शाळेत बहुतेक मुले ब्राह्मण होती. आपली जात, गाव आणि नातलग यांचा पत्ता लागेल या धास्तीने ते खेळात मिसळत नसत आणि घंटा झाल्यावरच वर्गात शिरत. वृद्धापकाळी, १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही ही आठवण त्यांनी नोंदविली.

पुढे त्यांनी नेमके उलट केले. १८९१ साली परैयर महाजन सभा स्थापन केल्यानंतर १८९३ मध्ये त्यांनी पत्र काढले आणि त्याचे नावच 'परैयन' ठेवले. तुच्छतेने उच्चारला जाणारा शब्द पत्राच्या मथळ्यावर छापणे अनेकांना रुचले नाही. त्यांचे मेहुणे व बौद्ध विचारवंत अयोध्यादास पंडित यांनाही हे नाव मान्य नव्हते. श्रीनिवासन यांचे म्हणणे असे की, आपण कोण हे उघडपणे सांगितल्याखेरीज हक्क मागता येत नाहीत. हे पत्र सुमारे सात वर्षे चालले.

त्यानंतरची बरीच वर्षे दक्षिण आफ्रिकेत गेली. तेथे त्यांनी दुभाष्याचे काम केले. मायदेशी परतल्यावर १९२३ मध्ये ते मद्रास विधान परिषदेचे सदस्य झाले.

त्यांच्या कार्यातील सर्वांत ठोस टप्पा १९२४ चा. सार्वजनिक रस्ते, विहिरी, तळी आणि कचेऱ्या कोणत्याही जातीच्या माणसास खुल्या असाव्यात, असा ठराव त्यांनी मांडला व तो संमत झाला. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा अशाच आशयाचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला होता. तो केवळ कागदावर राहू नये म्हणून १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ठराव संमत होणे आणि शेजाऱ्याने विहिरीवर येऊ देणे यांतील अंतर मद्रासमध्येही कमी नव्हते.

१९३० व १९३१ च्या गोलमेज परिषदांत श्रीनिवासन आणि आंबेडकर यांनी अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधित्व केले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभिले, तेव्हा २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर आंबेडकर, राजगोपालाचारी आणि श्रीनिवासन या तिघांच्याही सह्या झाल्या. प्रांतिक कायदेमंडळांतील १४८ राखीव जागांपैकी ३० मद्रासच्या वाट्याला आल्या. विरोधी बाजूंनी एका कागदावर केलेली ही तडजोड होती आणि तिच्याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही.

आंबेडकरांशीही त्यांचा प्रत्येक बाबतीत मेळ नव्हता. १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हा आपला समाज मुळात हिंदू वर्णव्यवस्थेबाहेरचा असल्याने धर्मांतराचे कारण नाही, अशी भूमिका श्रीनिवासन यांनी घेतली. ज्यांच्यासोबत लंडनमध्ये बाजू मांडली, त्यांच्याशी असलेला हा मतभेदही त्यांनी झाकून ठेवला नाही.

१८ सप्टेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने २००० साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुणे करारावर एकत्र सह्या करणारे राजगोपालाचारी आणि श्रीनिवासन यांची स्मारके गिंडीत आज एकाच आवारात आहेत.