विश्लेषण : पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे शिल्पकार कसे झाले?

डिजिटल डेस्क, पाचोरा

मराठी विश्वकोशातले एकच अक्षर घ्या, 'क'. त्यात आपल्या जळगाव जिल्ह्याच्या ओळखीचे कापूस आणि केळ आहे. शेजारी कॅनडा हा देश, कथकळी हा नृत्यप्रकार आणि कुराण हा धर्मग्रंथही आहे. निसर्ग, विज्ञान, राष्ट्रे, कला आणि श्रद्धा हे सगळे विषय एकाच ग्रंथमालेत, एकाच भाषेत आणि अकारविल्हे मांडलेले आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले ज्याला 'जीके' म्हणतात, त्याचे मराठीतले हे सर्वांत मोठे भांडार. ते उभारणारे प्रमुख संपादक खान्देशातले होते, हे मात्र खान्देशातल्याच अनेकांना माहीत नसते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी कोण होते आणि त्यांचे आयुष्य विश्वकोशापर्यंत कसे पोहोचले, ते पाहू.

लक्ष्मणशास्त्री मूळचे कुठले?

धुळ्याहून साक्री आणि साक्रीच्या पुढे पिंपळनेर. पांझरा नदीकाठच्या या गावी २७ जानेवारी १९०१ रोजी लक्ष्मणशास्त्रींचा जन्म झाला. त्या काळी हा भाग पश्चिम खान्देश जिल्ह्यात येत असे. घर पारंपरिक ब्राह्मण कुटुंबाचे होते. मुलाने वेद आणि शास्त्रे शिकावीत, ही अशा घराची स्वाभाविक अपेक्षा. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते शिकण्यासाठी सातारा जिल्ह्यातील वाईला गेले. पुढे आयुष्यभर वाई हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

वाईच्या पाठशाळेत असे काय होते?

वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे प्रमुख होते नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती. पाठशाळा संस्कृत शिकवणारी असली तरी वातावरण कोंदट नव्हते. जुन्या ग्रंथांचा अर्थ नव्या काळात कसा लावायचा, यावर तिथे मोकळी चर्चा होत असे. विनोबा भावे हेही काही महिने याच पाठशाळेत शिकले. पुढे लक्ष्मणशास्त्री कोलकात्याला गेले आणि न्यायशास्त्रातली 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळवून आले. नावापुढे कायमची लागलेली ही उपाधी तिथली. आधुनिक विद्यापीठात त्यांनी रीतसर शिक्षण घेतले नाही. इंग्रजी आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान त्यांनी स्वतः वाचून आत्मसात केले.

न्यायशास्त्र म्हणजे नेमके काय?

इथे न्याय म्हणजे कोर्टकचेरी नव्हे. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून म्हणायचे, याचे हे शास्त्र. त्यातले नेहमीचे उदाहरण डोंगरावरच्या धुराचे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, असे आपण म्हणतो. पण हे अनुमान कधी टिकते? जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे अग्नी असतोच, हा संबंध आधी पक्का असला तरच. तो पक्का नसेल तर निष्कर्षही कच्चा.

या परंपरेची दुसरी शिस्त म्हणजे पूर्वपक्ष. आपले मत मांडण्यापूर्वी विरुद्ध मत नीट आणि पूर्ण मांडायचे, मगच त्याला उत्तर द्यायचे. अभियांत्रिकी शिकलेल्या आमच्यासारख्यांना हे प्रयोगशाळेतल्या शिस्तीसारखे वाटते. लक्ष्मणशास्त्रींच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा या दोन सवयींतून बराचसा होतो.

गांधीजींना त्यांची गरज का भासली?

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत लक्ष्मणशास्त्रींनी तुरुंगवास भोगला. १९३२ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अस्पृश्यतेचा प्रश्न ऐरणीवर आला. अस्पृश्यता शास्त्रसंमत आहे, असे सनातनी पंडित ठासून सांगत होते. त्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे उत्तर देणारा माणूस हवा होता. ते काम लक्ष्मणशास्त्रींनी केले. धर्मग्रंथ वेगवेगळ्या काळांत रचले गेले आणि आचार काळानुसार बदलत आले, त्यामुळे ते आजही बदलता येतात, ही त्यांची बाजू होती.

वादविवादावर ते थांबले नाहीत. १६ जून १९३३ रोजी पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारी यांची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर गुजराती वैश्य आणि वधू तमिळ ब्राह्मण. रूढीला हा विवाह मान्य नव्हता. त्याचे पौरोहित्य लक्ष्मणशास्त्रींनी केले. त्या काळी एखाद्या शास्त्र्याने असे करणे म्हणजे आपल्याच वर्तुळात बहिष्काराला निमंत्रण देणे होते.

पंडित असून ते रॉयवादी कसे झाले?

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. रॉय आधी साम्यवादी होते आणि पुढे त्यांनी मूलगामी मानवतावाद मांडला. माणूस आणि त्याची विवेकबुद्धी हाच या विचाराचा पाया. ईश्वराला किंवा परलोकाला त्यात जागा नाही. वेद मुखोद्गत असलेला पंडित या गोटात गेल्याचे अनेकांना आश्चर्य वाटले. 'हिंदुधर्माची समीक्षा' या व्याख्यानांतून आणि पुस्तकातून त्यांनी आपल्याच धर्मपरंपरेची कठोर तपासणी केली.

त्याच वेळी वाईत 'धर्मकोश' या संस्कृत ग्रंथमालेचे संपादनही चालू होते. हिंदू धर्मशास्त्रातली हजारो वचने विषयवार आणि कालक्रमाने लावण्याचे हे काम. एखादी प्रथा कधी आली, कशी बदलली आणि कुठे थांबली, हे त्यातून पुराव्यानिशी दिसते. परंपरेवर टीका करायची असेल तर आधी ती पूर्ण गोळा केली पाहिजे, हा पूर्वपक्षाचाच धडा त्यांनी इथे गिरवला.

सोमनाथचे पौरोहित्य आणि विवेकवाद, यात विसंगती नाही का?

हा प्रश्न त्यांच्या हयातीतही विचारला जात असे. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत सोमनाथ मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. त्या विधीचे पौरोहित्य लक्ष्मणशास्त्रींनी केले. त्याच वर्षी त्यांचा 'वैदिक संस्कृतीचा विकास' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वैदिक परंपरा आकाशातून पडली नाही, ती माणसांनी घडवली आणि ती बदलत गेली, असे हा ग्रंथ सांगतो. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार १९५५ मध्ये याच ग्रंथाला मिळाला. त्याआधी १९५४ मध्ये दिल्लीत झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

विसंगती नाही, असे म्हणणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. धर्मविधी हा समाजाचा सांस्कृतिक वारसा मानून त्यात सहभागी व्हायचे आणि श्रद्धेची चिकित्सा वेगळी चालू ठेवायची, अशी त्यांची भूमिका दिसते. काहींना ती पटली, काहींना नाही. त्यांच्या आयुष्याचा हा ताण पुसून टाकण्यापेक्षा तो आहे तसा पाहणे अधिक योग्य.

विश्वकोशाची कल्पना कुठून आली?

मराठीत असा प्रयत्न आधी झाला होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यासाठी त्यांनी कंपनी स्थापन केली, भागधारक आणि वर्गणीदार जमवले. एका माणसाच्या जिद्दीवर उभे राहिलेले ते काम होते. पुढच्या काही दशकांत विज्ञान झपाट्याने बदलले, देश स्वतंत्र झाले, जगाचा नकाशाच नवा झाला. त्यामुळे नव्या कोशाची गरज होती.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि अध्यक्षपद लक्ष्मणशास्त्रींकडे आले. मराठी ही राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा व्हायची असेल, तर जगातले ज्ञान त्या भाषेत असले पाहिजे, हा त्यामागचा विचार. विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्यात न राहता वाईत आले.

(वाचकांचा नेहमी होणारा घोळ : 'ज्ञानकोश' केतकरांचा, 'भारतीय संस्कृतिकोश' पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा आणि 'मराठी विश्वकोश' तर्कतीर्थांच्या संपादनाखालचा. दोन्ही जोशी वेगळे.)

पहिला खंड यायला इतकी वर्षे का लागली?

विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मंडळ स्थापन झाल्यावर जवळपास सोळा वर्षांनी. हा उशीर समजून घ्यायचा तर काम कसे होते ते पाहावे लागते.

आधी सगळ्या विषयांतल्या नोंदींची यादी करायची. कोणती नोंद किती मोठी हे ठरवायचे. मग प्रत्येक नोंदीसाठी त्या विषयाचा जाणकार शोधायचा, त्याच्याकडून मराठीत लिहून घ्यायचे, तपासायचे आणि संपादित करायचे. कोश अकारविल्हे असल्याने पहिल्या खंडासाठी 'अ' पासूनच्या सर्व विषयांतल्या नोंदी एकाच वेळी तयार हव्यात. एका भौतिकीच्या लेखकाने उशीर केला, की इतिहास आणि संगीताच्या नोंदीही अडकतात.

सर्वांत अवघड प्रश्न परिभाषेचा होता. अनेक वैज्ञानिक संकल्पनांना मराठीत शब्दच नव्हते, आणि जिथे होते तिथे एकाच संकल्पनेला दोन-तीन होते. वनस्पतिशास्त्राच्या नोंदीत एक शब्द आणि शेतीच्या नोंदीत दुसरा वापरला, तर वाचक गोंधळणार. त्यामुळे मुख्य खंडांच्या आधी १९७३ मध्ये परिभाषासंग्रहाचा खंड काढावा लागला. घर बांधण्याआधी विटा भाजून घेण्यासारखेच ते काम होते.

नोंदी तज्ज्ञांनी लिहायच्या आणि खाली लेखकाचे नाव द्यायचे, ही पद्धत होती. त्यामुळे मजकुराची जबाबदारी कोणाची हे वाचकाला कळते. मजकूर कोणी लिहिला याचा पत्ता नसताना तो शेकडो गटांत फिरतो, अशा आजच्या काळात ही गोष्ट लहान नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झाले. त्याचेही अध्यक्ष आणि प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्रीच होते. १९७६ मध्ये पद्मभूषण आणि १९९२ मध्ये पद्मविभूषण या किताबांनी त्यांचा गौरव झाला. साठीच्या उंबरठ्यावर हाती घेतलेले काम ते वयाच्या नव्वदीनंतरही पाहत होते. २७ मे १९९४ रोजी महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा विश्वकोश पूर्ण झालेला नव्हता. नंतरच्या संपादकांनी काम पुढे नेले आणि २०१५ मध्ये विसावा खंड पूर्ण झाला.

आज याचा आपल्याला काय उपयोग?

विश्वकोशाचे खंड आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. जुन्या नोंदी अद्ययावत करण्यासाठी विषयवार ज्ञानमंडळेही काम करतात. अर्थात, छापील खंडांतली लोकसंख्या, उत्पादन आणि सीमा यांची माहिती त्या त्या वर्षाची आहे, हे लक्षात ठेवूनच ती वापरावी. १९७० च्या दशकातला आकडा आजच्या परीक्षेत चालणार नाही. संकल्पना, इतिहास आणि मूळ व्याख्या यांसाठी मात्र हा कोश आजही भक्कम आधार आहे.

पाचोऱ्यात, भडगावात, चाळीसगावात शेकडो मुले अभ्यासिकेत बसून सामान्यज्ञानाचे प्रश्न पाठ करतात. उत्तर पाठ होते, पण ते खरे कशावरून, हा प्रश्न बहुधा राहून जातो. डोंगरावर धूर दिसला तरी धूर आणि अग्नीचा संबंध आधी तपासा, असे शिकलेल्या एका खान्देशी माणसाने आयुष्याची तीसहून अधिक वर्षे मराठी वाचकाला तपासलेली माहिती देण्यासाठी खर्च केली. पुढच्या वेळी मोबाइलवर आलेली एखादी 'माहिती' पुढे पाठवण्यापूर्वी तोच विषय विश्वकोशात एकदा शोधून पाहा. दोन मिनिटे लागतील.