घटसर्पाच्या विषाला उतारा शोधणारे डॉ. एमिल फॉन बेहरिंग

घटसर्पाचे, म्हणजे डिप्थेरियाचे निदान झाले की डॉक्टर मुलाला अँटिबायोटिक देतात आणि त्यासोबत प्रतिविषाचे इंजेक्शनही देतात. पुष्कळदा घशातील नमुन्याचा रिपोर्ट येण्याचीही वाट पाहिली जात नाही. जंतू मारण्याचे औषध सुरू असताना हे दुसरे औषध कशासाठी, आणि त्याची एवढी घाई का, असा प्रश्न नातेवाइकांना पडणे साहजिक आहे. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले, त्या डॉक्टरांची ही ओळख.

शिक्षकाचा मुलगा, लष्करातील डॉक्टर

एमिल बेहरिंग यांचा जन्म १५ मार्च १८५४ रोजी प्रशियातील हान्सडॉर्फ या गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील शाळामास्तर आणि घरात तेरा भावंडे. विद्यापीठाचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून १८७४ मध्ये त्यांनी बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तिथे शिक्षण मोफत होते, पण त्या बदल्यात पुढे काही वर्षे लष्करात नोकरी करावी लागे.

त्या काळात जखमांवर आयोडोफॉर्म लावत. त्याचा अभ्यास करताना बेहरिंग यांना वाटले की हे औषध जंतूंना मारत नसावे, तर जंतूंनी सोडलेले विष निकामी करत असावे. जंतू वेगळा आणि त्याचे विष वेगळे, हा विचार त्यांच्या मनात तेव्हाच रुजला.

जंतू घशात, मग हृदय का बंद पडते?

एकोणिसाव्या शतकात घटसर्पाने युरोपात असंख्य मुले दगावत होती. घशात राखाडी पडदा धरायचा आणि मूल गुदमरायचे. काही मुले घसा सुधारल्यावरही अचानक हृदय बंद पडून जायची. १८८४ मध्ये फ्रिडरिश लोफ्लर यांनी या रोगाचा जिवाणू वेगळा काढला, तेव्हा एक कोडे समोर आले. जिवाणू फक्त घशात सापडत होता, इजा मात्र दूरच्या अवयवांनाही झालेली होती. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी जिवाणू वाढवलेले द्रव बारीक गाळणीतून गाळले. त्या द्रवात एकही जिवाणू उरला नव्हता, तरी ते टोचलेले प्राणी तशाच आजाराने मेले. खरा घात करणारे विष होते, हे सिद्ध झाले.

हे विष म्हणजे एक प्रथिन असते, हे आज आपल्याला माहीत आहे. त्याचे दोन भाग असतात. एक भाग आपल्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो. मग पेशी स्वतःच त्या विषाला एका छोट्या पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतील आम्लामुळे विषाचा आकार बदलतो आणि दुसरा भाग पेशीच्या आत शिरतो. पेशीला जगण्यासाठी सतत नवी प्रथिने तयार करावी लागतात. विषाचा हा भाग ते कामच बंद पाडतो आणि पेशी मरते. एक पेशी मारायला त्याचा एक रेणूही पुरतो. घशातील पडदा मेलेल्या पेशी, जिवाणू आणि रक्तातून झिरपलेल्या घटकांचा बनतो. रक्तातून पसरलेले विष हृदयाचे स्नायू आणि नसांना इजा करते.

१८९० चा शोध

बेहरिंग १८८९ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत आले. तिथे जपानचे शिबासाबुरो कितासातो धनुर्वातावर काम करत होते. धनुर्वातही जिवाणूच्या विषानेच होतो. या दोघांनी प्राण्यांना विषाची सवय लावली आणि नंतर त्यांच्या रक्तातील द्रव, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्यांना दिले. त्या प्राण्यांचेही विषापासून रक्षण झाले. रक्तात विष निकामी करणारा काहीतरी घटक तयार होतो, असे त्यांनी डिसेंबर १८९० मध्ये जाहीर केले. आज आपण त्याला अँटिबॉडी म्हणतो.

सुरुवातीचे सीरम कधी प्रभावी तर कधी कुचकामी ठरे. त्याची ताकद मोजण्याची खात्रीची पद्धत पॉल एर्लिश यांनी बसवली. पॅरिसमध्ये रू यांनी घोड्यांपासून भरपूर सीरम मिळवले. १८९४ मध्ये त्यांनी सांगितले की त्यांच्या रुग्णालयात घटसर्पाचे मृत्यू सुमारे निम्म्यावरून पाव हिश्शापर्यंत खाली आले आहेत.

सन्मान, अपयश आणि शेवटचे काम

१९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक बेहरिंग यांना मिळाले. कितासातो यांना त्यात वाटा मिळाला नाही आणि एर्लिश यांच्याशी असलेली मैत्रीही टिकली नाही. क्षयरोगावरील लशीसाठी बेहरिंग यांनी अनेक वर्षे खर्च केली, पण यश आले नाही. नैराश्यामुळे त्यांना दीर्घकाळ सॅनिटोरियममध्ये राहावे लागले.

त्यातून सावरल्यावर त्यांनी १९१३ मध्ये विष आणि प्रतिविष यांचे मिश्रण टोचून मुलांना आधीच सुरक्षित करण्याची पद्धत मांडली. पहिल्या महायुद्धात धनुर्वाताच्या प्रतिविषाने असंख्य जखमी सैनिकांचे प्राण वाचले. ३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. पुढे विष रासायनिक प्रक्रियेने निरुपद्रवी करून अधिक सुरक्षित लस तयार झाली. आजची लस त्याच तत्त्वावर बनते.

आपल्यासाठी याचा अर्थ

प्रतिविष फक्त पेशीबाहेर फिरणाऱ्या विषाला पकडू शकते. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. घाई असते ती यासाठीच. अँटिबायोटिक जिवाणू मारते, त्यामुळे नवे विष तयार होत नाही आणि संसर्ग इतरांना पसरत नाही, पण आधीच पसरलेले विष ते निकामी करत नाही. म्हणून दोन्ही औषधे लागतात. प्रतिविष घोड्याच्या सीरमपासून बनत असल्याने काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ते रुग्णालयातच, आधी चाचणी करून देतात.

घसादुखी आणि ताप असताना घशात राखाडी पडदा दिसला, मानेला सूज आली, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा पाणी पिताना ते नाकातून परत आले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पडदा खरवडू नका, त्याने रक्तस्राव होतो. मुलाला लगेच रुग्णालयात न्या. घसा बरा वाटू लागला तरी डॉक्टर ईसीजी आणि विश्रांती सांगतात, कारण हृदयावरील परिणाम एक-दोन आठवड्यांनीही दिसू शकतो.

सर्वांत चांगला मार्ग मात्र लशीचाच. सरकारी वेळापत्रकानुसार ती ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांच्या वयात दिली जाते. १० आणि १६ व्या वर्षी टीडीचा डोस असतो. हे नंतरचे डोसच बहुधा राहून जातात. आज घरी गेल्यावर मुलाचे लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहा. एखादा डोस चुकला असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून तो पूर्ण करून घ्या.