लुसी उपनगरात राहायला जाते तेव्हा...

‘फ्रेंड्स’ किंवा ‘बिग बँग थिअरी’ बघताना तुम्हाला ऐकू येणारा हशा बराचसा खराखुरा असतो. समोर प्रेक्षक बसवायचे आणि एकाच वेळी तीन-चार कॅमेरे चालवायचे, ही पद्धत रुळवली ल्युसिल बॉल आणि तिच्या नवऱ्याने. ती गेली 1989 मध्ये, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीच.

जन्म 1911चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनचा. वडील टेलिफोनच्या तारा जोडणारे लाइनमन. ती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा ते टायफॉइडने गेले. पुढे नाट्यशाळेत गेली, तर हिचं काही होणार नाही असं तिथल्या शिक्षकांचं मत पडलं. मग मॉडेलिंग, मग सिनेमात बारीकसारीक कामं. चाळिशी आली तरी बाई काही मोठी स्टार झाली नव्हती.

टीव्हीने बोलावलं तेव्हा तिने अट घातली, पडद्यावरचा नवरा माझा खरा नवराच हवा. तो देसी अर्नाझ, क्युबाचा बँडवाला. कंपनी बिचकली. असलं जोडपं लोकांना कसं पटणार? मग दोघं स्टेजवर विनोदी कार्यक्रम घेऊन गावोगाव फिरले, लोक पोट धरून हसले, विषय संपला! 15 ऑक्टोबर 1951ला ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली.

मालिकेतली लुसी मॅनहॅटनमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. घरमालक फ्रेड आणि एथेल त्याच इमारतीत, कधीही दार ढकलून आत येणारे. पण बाहेर अमेरिका बदलत होती. युद्धावरून परतलेले तरुण सरकारी हमीच्या कर्जावर शहराबाहेर घरं घेत होते. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाच्या एकाच वसाहतीत 17 हजारांवर घरं उभी राहिली, जवळपास एका छापाची. मग 1957 मध्ये लुसीही निघाली, कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टला.

आणि इथे मालिका मस्त पकडते. बाहेरगावी घर हवं म्हणून मागे लागलेली असते लुसीच. रिकी खरंच इसार देऊन येतो, तर आता हिचाच पाय निघेना! मग हप्ते, खर्च, जुन्या शेजाऱ्यांची आठवण. खर्च भागवायला कोंबड्या पाळायचं ठरतं आणि त्या निमित्ताने फ्रेड-एथेल तिथेही येऊन टपकतात. ब्लाउजमध्ये अंडी लपवून टँगो नाचणाऱ्या लुसीवर प्रेक्षकांचा हशा मिनिटभर थांबेना. स्वतःच्या घराचं स्वप्न आणि त्याचा महिन्याचा हिशोब, तुमच्या घरी हे वेगळं असतं का?

सगळं मात्र दिसत नव्हतं हं. लेव्हिटटाउनमध्ये काळ्या माणसांना घर विकत नसत. मालिका त्यावर चकार शब्द काढत नाही. रिकीच्या क्युबन इंग्रजीवर विनोद होतात, पण तो त्या घराचा कर्ता आहे, हेही त्या काळी थोडंथोडकं नव्हतं. गरोदर हा शब्द उच्चारायलाही चॅनलची बंदी होती. तरी लुसीचं पोट दिसलं, आणि 19 जानेवारी 1953ला तिला बाळ झालं ते 4 कोटी 40 लाख लोकांनी पाहिलं. त्याच दिवशी ल्युसिललाही खरोखर मुलगा झाला.

पडद्यावरची लुसी दर भागात घराबाहेर पडून काहीतरी करू बघते आणि शेवटी स्वयंपाकघरात परत येते. ल्युसिल मात्र परत आली नाही. 1960 मध्ये देसीसोबतचं शेवटचं शूटिंग झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिने घटस्फोटाचा अर्ज केला. दोन वर्षांनी त्याचा हिस्सा विकत घेऊन ती डेसिलू स्टुडिओची प्रमुख झाली. ‘स्टार ट्रेक’ पुढे याच स्टुडिओतून आली.

त्याच 1962 मध्ये तिची नवी मालिकाही सुरू झाली. पुन्हा उपनगरातलं घर, पण त्यात नवरा कुणाचाच नाही. दोन बायका आपापली मुलं घेऊन एकत्र राहतात. लुसीला विधवा दाखवलं होतं. घटस्फोटित होती ती तिची मैत्रीण, आणि ते काम केलं जुन्या एथेलनेच, व्हिव्हियन व्हान्सने.