चिंतामणराव देशमुख आणि ठेवीदाराचा पैसा

आपल्या ज्ञातीच्या घरांतून कै. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचे नाव निघाले की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक, ते आय. सी. एस.च्या परीक्षेत पहिले आले. आणि दुसरी, मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले. दोन्ही गोष्टी अभिमानास्पद आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या कार्यामुळे अंधेरी-बोरिवलीच्या वा घाटकोपर-मुलुंडच्या सामान्य गृहस्थाच्या हातातील पासबुकाला काही भक्कम अर्थ प्राप्त झाला, त्याचा उल्लेख क्वचितच कानी येतो. म्हणून या अल्पचरित्रात आम्ही त्याच बाजूस अधिक जागा देण्याचे योजिले आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. पुढे केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला; वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय. संस्कृताचे प्रेम तर जन्मभर टिकले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. १९१८ साली आय. सी. एस. झाल्यावर मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यांनी दीर्घकाळ चाकरी केली. फुलापानांचा हा अभ्यासक १९३९ साली रिझर्व्ह बँकेत आला आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला.

तो काळ कसा होता, हे आजच्या तरुण वाचकांस सांगणे अवश्य आहे. १९३८ साली दक्षिणेतील त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँकेने दरवाजे बंद केले होते व हजारो कुटुंबांची पुंजी अडकली होती. त्यानंतर महायुद्ध आले. चलन वाढले, लोकांच्या हाती पैसा खेळू लागला आणि पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे नव्या बँका उगवल्या. भांडवल तुटपुंजे, पण शाखांचा पसारा मोठा. ठेवी सामान्यांच्या, पण त्यांतून कर्जे मिळत ती संचालकांच्याच पेढ्यांना. वर्षअखेरीस ताळेबंद मात्र असा सजविलेला असे की पाहणाऱ्याने डोळे निववावेत!

चिंतामणरावांच्या कारभाराचे मर्म आमच्या अल्पमतीप्रमाणे येथेच आहे. दुकानदाराने वाईट तांदूळ दिला तर गिऱ्हाईक तो चिमटीत घेऊन पाहू शकते. ठेवीदाराला असे काय पाहता येते? त्याच्या हाती येते ते केवळ पासबुक, आणि त्यात त्याचाच आकडा लिहिलेला असतो; त्या आकड्यामागचा पैसा कोठे गेला, हे त्यात नसते. शाळेचे हजेरीपत्रक पालकांस पाहावयास मिळत नाही, म्हणून तर तपासणीस अधिकारी येतात. जे ठेवीदारास पाहता येत नाही, ते त्याच्या वतीने पाहणारा कोणी अधिकारी हवाच.

१९४६ साली बँकांच्या तपासणीचा अधिकार रिझर्व्ह बँकेस वटहुकुमाने मिळाला आणि त्याच वर्षी शाखांच्या बेसुमार वाढीसही लगाम घालण्यात आला. परंतु खरा पाया घातला तो १६ मार्च १९४९ रोजी अमलात आलेल्या बँकिंग कंपनी कायद्याने. परवान्याशिवाय बँक चालविता येणार नाही. संचालकास तारणावाचून कर्ज मिळणार नाही. स्वतःच्याच भागांच्या तारणावर बँकेस कर्ज देता येणार नाही. राखीव निधी भांडवलाइतका होईपर्यंत नफ्याचा पाचवा हिस्सा त्यात टाकलाच पाहिजे. आणि तपासनीस केव्हाही दप्तर उघडावयास लावील. त्या वर्षीच्या जून महिन्यात चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. बंगालमध्ये त्या सुमारास बँका धडाधड बुडत होत्या. कायद्याने एका रात्रीत चमत्कार केला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

१९५० साली ते अर्थमंत्री झाले, व १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात, १ जुलै १९५५ रोजी, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. सरकारचा पैसा सांभाळणारी ही जुनी बँक मोठ्या व्यापाराची सोबतीण होती. तिने पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडाव्यात, असे बंधन कायद्याने घातले. करदात्याचा पैसा जिच्या तिजोरीत, तिने करदात्याच्या गावीही जावे, हा त्यातील न्याय. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. लहानमोठ्या २४५ विमासंस्था होत्या, आणि त्यांतील कित्येकांनी विमेदारांच्या हप्त्यांचा स्वतःच्या धंद्यासाठी खुशाल उपयोग केला होता.

त्याच वर्षी जुलैत राजीनामा. मुंबई केंद्रशासित करण्याचा बेत आणि गोळीबाराच्या चौकशीस नकार, या दोन्हींचा त्यांनी लोकसभेत निषेध केला. ती हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९७५ चे पद्मविभूषण. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे देहावसान झाले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९४९ च्या कायद्याच्या कक्षेत सहकारी बँका नव्हत्या. त्यांस तो लागू झाला १ मार्च १९६६ पासून, आणि तोही अर्धामुर्धा. कारभारावर सहकार खाते व रिझर्व्ह बँक असे दोन धनी राहिले. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण येथे ठेवीदारास लागू पडली. घाटकोपर व मुलुंड यांच्या मधोमध असलेल्या भांडुप येथे मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारास प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम-उद्योगसमूहाकडे गेल्याचे व तो दप्तरात दडविल्याचे चौकशीत बाहेर आले. संचालकांच्या कर्जाविषयी १९४९ साली जी काळजी घेतली होती, तिचे कारण सत्तर वर्षांनंतर आपल्या उपनगरांस असे पटले.

ठेवविम्याची मर्यादा १९६२ साली १,५०० रुपये होती, १९९३ साली ती एक लाख झाली, व ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढविण्यात आला. भांडुपची ती बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ज्यांची ठेव पाच लाखांहून अधिक होती, त्यांची उरलेली रक्कम त्या दिवसापासून दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने परत करावयाची आहे.